फाइलसोबत चिठ्ठी द्या : सोलापूरच्या टॉवेल-चादर कारखानदारांना आणि जकार्ड डिझाइनरना खुले पत्र

प्रति,
अक्कलकोट रोड व चिंचोळी एमआयडीसीतले आणि पूर्व भागातले टेरी टॉवेल व चादर कारखानदार, तसेच त्यांच्यासाठी जकार्डची (मागावर एकेक धागा उचलून नक्षी विणणाऱ्या यंत्राची) डिझाइने करणारे सर्व डिझाइनर यांस

विषय : डिझाइनच्या फाइलीसोबत तिची माहिती लिहून ठेवण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

रिपीट ऑर्डर म्हणजे आपल्या धंद्यातला सर्वांत सोपा पैसा. डिझाइन तयार असते, ग्राहकाची पसंती मिळालेली असते, माल एकदा निघालेला असतो. तरीही कितीतरी कारखान्यांत रिपीट ऑर्डर आली की पहिले दोन-तीन दिवस शोधाशोधीत जातात. कॉम्प्युटरवर ‘गुलाब नवीन’, ‘गुलाब नवीन फायनल’, ‘गुलाब फायनल २’ आणि ‘कॉपी ऑफ गुलाब फायनल’ अशा चार फाइली निघतात. यातली मागावर कोणती चढली होती, किती पिकवर (इंचात किती आडवे धागे) चालली, पाइलला (टॉवेलवर उभ्या राहणाऱ्या फासांना) कोणते सूत होते, हे एकही फाइल सांगत नाही. ज्या डिझाइनरला ठाऊक होते तो काम सोडून दुसऱ्या गावी गेलेला असतो. मग नमुन्याचा टॉवेल उसवून धागे मोजायची पाळी येते.

हे टाळायला कुठलेही सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. प्रत्येक डिझाइनच्या फाइलीशेजारी, त्याच फोल्डरमध्ये, साध्या मजकुराची एक चिठ्ठी असावी. डिझाइन मागावर चढेल त्याच दिवशी ती लिहावी. चिठ्ठी नसेल तर डिझाइनचे काम पुरे झाले असे कोणीही धरू नये. आमचे मागणे एवढेच आहे.

डिझाइन ग्राफ कागदावर भरत होते तेव्हा रीड (फणीची दाटी), पिक, हुक (जकार्डचे उभे धागे उचलणारे आकडे), सुताचा नंबर (जाडी) हे सारे कागदाच्या कडेला लिहिले जाई. कागद हाती आला की माहितीही हाती यायची. कॉम्प्युटरवरच्या बीएमपी (चौकोनाचौकोनाने साठवलेल्या चित्राच्या) फाइलीला कडाच नाही. तिच्यात फक्त चौकोन आहेत: आडवा एक चौकोन म्हणजे एक हुक, उभा एक चौकोन म्हणजे एक पिक किंवा काही पिकांचा गट. त्या चौकोनाचे कापडावर किती इंच होतात, हे चित्रात नाही. ते बाहेरूनच यावे लागते.

टेरीत, म्हणजे फासांच्या टॉवेल-कापडात, हा घोटाळा सर्वांत जास्त होतो. ३ पिकांच्या टेरीत दोन पिक सैल पडतात आणि तिसऱ्याला फणी पूर्ण पुढे येऊन तिन्ही एकदम ठोकते, तेव्हा पाइलचा फास उभा राहतो. म्हणून फाइलीतली एक ओळ म्हणजे ३ पिक. समजा तयार टॉवेलवर रुंदीला इंचात ३२ पाइल धागे आहेत आणि लांबीला इंचात ४५ पिक, म्हणजे १५ ओळी. टॉवेलवर ४ इंचांचा गोल हवा असेल तर फाइलीत तो १२८ चौकोन रुंद आणि ६० ओळी उंच काढावा लागतो. पडद्यावर तो चेपलेला, अंड्यासारखा आडवा दिसतो आणि तसाच दिसला पाहिजे. नवा डिझाइनर फाइल उघडतो, गोल चेपलेला पाहतो आणि चांगल्या हेतूने तो सरळ करतो: १२८ बाय १२८. मागावरून उतरतो तो साडेआठ इंच उंच लांबट आकार. यात त्या मुलाचा दोष काढता येत नाही. त्याला ‘१ ओळ = ३ पिक’ एवढी एक ओळ कुणी लिहून दिली असती तर बीम (मागावर चढवलेले उभे सूत) वाचला असता.

चिठ्ठी कशी असावी याचा एक नमुना खाली आहे. ३० बाय ६० इंचांच्या, डझनाला ६ किलो वजनाच्या एकरंगी जकार्ड टॉवेलची ती आहे.

डिझाइन क्रमांक : ०४१७, आवृत्ती ०३
मागावरचे नाव : टी४१७३
मोजमाप (तयार) : ३० × ६० इंच, नग ५०० ग्रॅम
मागावरची रुंदी : ३२ इंच
पिक : मागावर इंचाला ४२, धुलाईनंतर ४५
टेरी : ३ पिक, १ ओळ = ३ पिक
चित्र : ९६० रुंद × ९०० ओळी, एकूण २७०० पिक
सूत : पाइल १६, ग्राउंड (पायाचा उभा धागा) २/२०, आडवा १६
पाइल रेशो (कापडाची लांबी : पाइल धाग्याची लांबी) : १ : ६
जकार्ड : १३४४ हुक, १–१६ धागा-निवड व टेरी मोशन, १७–४८ किनार, ४९–१००८ पाइल, १००९–१०४० किनार, पुढचे रिकामे
ग्राउंड : कॅमवर (जकार्डवर नाही)
पहिला हुक : मागासमोर उभे राहिल्यावर डावीकडे
सुलटी बाजू : वर
रंगक्रमांक : १ पाइल वर, २ पाइल खाली, ३ सपाट बॉर्डर, ४ किनार
बदल : २०२५-०२-११ बॉर्डर ६ ओळींनी वाढवली, ग्राहकाच्या सांगण्यावरून

एवढे लिहायला दहा मिनिटे पुरतात. यातल्या काही ओळी वरवर जादा वाटतील, पण नेमक्या त्याच नसल्या की माल बिघडतो.

पिक दोन लिहिले आहेत, कारण मागावरचे कापड ताणलेले असते आणि धुलाईत आटते. वरच्या टॉवेलचे २७०० पिक मागावर ४२ ने भागले तर सव्वाचौसष्ट इंच येतात, धुलाईनंतर ४५ ने भागले तर बरोबर ६०. चिठ्ठीत नुसते ‘पिक ४५’ असेल आणि जॉबरने (माग लावणाऱ्या कारागिराने) माग ४५ वर लावला, तर तयार टॉवेल ५६ इंचांच्या आसपास भरतो. ग्राहक गठ्ठे परत पाठवतो आणि खापर धुलाईवाल्यावर फुटते.

रंगक्रमांकाची ओळ तर सोडूच नये. जकार्डच्या चित्रातला रंग हा कापडाचा रंग नसतो, ते विणीचे नाव असते. लाल म्हणजे पाइल वर, निळा म्हणजे पाइल खाली, हे डिझाइनरने मनाशी ठरवलेले असते. दुसरा डिझाइनर लाल म्हणजे बॉर्डर धरतो. म्हणून ‘लाल’, ‘निळा’ असे न लिहिता पॅलेटमधला क्रमांक आणि त्याची वीण लिहावी.

सुलट्या बाजूचा प्रश्न फुले-पानांत कळत नाही. हॉटेलचे किंवा हॉस्पिटलचे नाव टॉवेलमध्ये विणायचे असते तेव्हा तो अंगावर येतो. सुलटी बाजू खाली ठेवून विणत असाल तर चित्र आरशातल्यासारखे उलटे भरावे लागते. फाइलीत अक्षरे उलटी दिसली म्हणून कुणी ती सुलटी केली की सगळी नावे उलटी विणली जातात.

आता फाइलींबद्दल. एका डिझाइनच्या तीन फाइली असतात आणि त्यांचे काम वेगवेगळे आहे. पहिली मूळ चित्राची, डिझाइन सॉफ्टवेअरची. दुसरी बीएमपी, मोजक्या रंगांची, चौकोनात भरलेली. तिसरी मागाची, म्हणजे स्टॉब्लीची जेसी५, बोनासची ईपी वगैरे (स्टॉब्ली, बोनास या जकार्ड बनवणाऱ्या कंपन्या). तिसऱ्या फाइलीत विणी भरून झालेल्या असतात आणि हुकांची मांडणी त्या एका मागापुरती पक्की झालेली असते. १३४४ हुकांच्या मागासाठी केलेली फाइल २६८८ हुकांच्या मागावर तशीच चालत नाही. दोन्ही १३४४ चे असले तरी किनारीचे हुक वेगळ्या जागी असतील तर किनार फाटते. बीएमपी आणि चिठ्ठी हाती असेल तर दुसऱ्या मागासाठी नवी फाइल तासाभरात होते. हाती फक्त मागाची फाइल उरली असेल तर तिच्यातून विणी सोडवून चित्र परत काढणे ही दिवसांची मेहनत आहे, आणि तेही अचूक येईल याची खात्री नाही. कितीतरी कारखानदारांकडे मात्र पेनड्राइव्हवर तेवढी तिसरीच फाइल असते.

बीएमपी व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवणे कृपा करून बंद करा. फोटो म्हणून गेलेली फाइल जेपीजी होते. चार रंगांच्या कडांवर शेकडो मधल्या छटा तयार होतात, मोठ्या चित्राची लांबी-रुंदी आक्रसते, ९६० चौकोन ९६० राहत नाहीत. पडद्यावर ती ठीकच दिसते, म्हणून फसगत होते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर फाइल जशीच्या तशी जाते, नावासकट. त्याहून बरे म्हणजे तिन्ही फाइली आणि चिठ्ठी एकाच फोल्डरमध्ये ठेवून तो झिप करून पाठवावा. मग चिठ्ठी मागे राहत नाही.

माहिती फाइलीच्या आतच का भरू नये, असे काही जण विचारतात. विंडोजमध्ये फाइलीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डीटेल्स उघडले की टॅग, शीर्षक, टिपणी भरायच्या जागा दिसतात. जेपीजी, वर्ड, एक्सेलच्या फाइलींना त्या चालतात. बीएमपीला चालत नाहीत, मागाच्या फाइलींनाही नाहीत. आणि ज्यांना चालतात त्यांचीही माहिती फोटो म्हणून पाठवताना किंवा दुसऱ्या रूपात सेव्ह करताना गळून जाते. तारखांचेही तसेच. फाइल कॉपी केली की विंडोज ‘तयार झाल्याची’ तारीख कॉपीच्या दिवसाची लावते; ‘बदलल्याची’ जुनी राहते. त्यामुळे कॉपी केलेली फाइल जन्माआधीच बदलल्यासारखी दिसते. फाइलीच्या तारखेवर विसंबू नका. तारीख चिठ्ठीत लिहा, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. २०२५-०२-११ असे लिहिले की नावांच्या क्रमाने लावलेल्या फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. ११-०२-२५ लिहिले तर सगळ्या वर्षांची अकरा तारीख एकत्र येते.

चिठ्ठी मराठीत लिहावी, असे आमचे मत आहे. पूर्व भागात मागावर तेलुगू चालते, ऑफिसात मराठी, बाहेरच्या व्यापाऱ्याशी हिंदी. इंग्रजी चिठ्ठी वाचणारे कारखान्यात दोघे-तिघे असतात. मराठी चिठ्ठी जॉबरही वाचतो. पण ती युनिकोडमध्येच हवी. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आत इंग्रजी अक्षरांच्या खुणांत साठतो. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडला की कचरा दिसतो, आणि ‘बॉर्डर’ हा शब्द शोधला तर सापडत नाही. जुन्या विंडोजच्या नोटपॅडमध्ये आणखी एक खोच आहे: सेव्ह करताना एन्कोडिंगच्या जागी एएनएसआय राहिले तर सगळ्या मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हे होतात आणि ती परत येत नाहीत. तिथे यूटीएफ-८ निवडावे.

फाइलींची नावे मात्र इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत, मध्ये अंडरस्कोर, स्पेस नको. मागाच्या काही जुन्या कंट्रोलरना देवनागरी नाव कळतच नाही, आणि आठ अक्षरांपुढचे नाव झेपत नाही. म्हणूनच नमुन्यात ‘मागावरचे नाव’ वेगळे दिले आहे. नावात क्रमांक आणि आवृत्ती एवढेच पुरे. ‘फायनल’ हा शब्द फाइलीच्या नावातून कायमचा काढून टाका; ०१, ०२, ०३ असे आकडे वाढवत जा. मागावर चढलेली आवृत्ती पुन्हा कधीही बदलू नका. एक चौकोन बदलला तरी पुढचा आकडा.

सुताच्या रंगाविषयी थोडेसे. ‘रामा’, ‘चिंतामणी’, ‘आमसुली’ ही नावे गोड आहेत, पण एका डायरचा (सूत रंगवणाऱ्याचा) रामा दुसऱ्याच्या रामाशी जुळत नाही. शेड कार्डाचा क्रमांक, डायरचे नाव आणि लॉट नंबर लिहावा. लॉट बदलला की नवी ओळ.

ज्यांच्याकडे डिझाइने शेकड्यांनी आहेत त्यांना चिठ्ठ्यांबरोबर एक यादीही लागेल: क्रमांक, प्रकार, ग्राहक, तारीख, फोल्डर. एक्सेल चालेल, पण आपल्या धंद्यात एक्सेल एक खास त्रास देते. सुताचा नंबर २/१० टाइप केला की ते त्याला तारीख समजते आणि २ ऑक्टोबर किंवा १० फेब्रुवारी करून टाकते. डिझाइन क्रमांक ०४१७ चा ४१७ होतो. आकडे भरण्याआधीच ते कॉलम निवडून त्यांचा प्रकार ‘टेक्स्ट’ करावा; भरून झाल्यावर प्रकार बदलून उपयोग नाही, तोवर मूळ आकडा गेलेला असतो. यादी सीएसव्हीत काढायची असेल तर ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय घ्यावा, नाहीतर मराठी नावे बिघडतात. यादी मात्र शोधण्यापुरती. खरी नोंद चिठ्ठीतली, कारण फोल्डर कुठेही गेला तरी चिठ्ठी त्याच्याबरोबर जाते. या सगळ्याची एक प्रत कारखान्याबाहेर, घरी किंवा इंटरनेटवर असू द्या.

तारखांचा आणखी एक उपयोग आहे आणि त्याची आपल्याकडे फारच हेळसांड होते. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे, पण ते गावाच्या नावाचे रक्षण करते. तुमच्या फुलाचे, तुमच्या बॉर्डरचे करत नाही. त्यासाठी डिझाइन कायदा, २००० खाली नोंदणी लागते. ती १० वर्षे टिकते, पुढे ५ वर्षे वाढवता येते. अट अशी की डिझाइन आधी कुठे प्रसिद्ध झालेले नसावे. नोंदणी केली नाही तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे, कारखान्यात त्या डिझाइनचे ५० पेक्षा जास्त नग निघाले की कॉपीराइटही संपतो. ५० नग म्हणजे चार डझन आणि दोन. पाचवा डझन पुरा होण्याआधीच हक्क गेलेला असतो. म्हणून चिठ्ठीत तीन तारखा वेगळ्या लिहाव्यात: चित्र पुरे झाले ती, पहिला नमुना मागावरून उतरला ती, पहिला नग कारखान्याबाहेर गेला ती. नोंदणी करायची तर अर्ज तिसऱ्या तारखेच्या आधी जायला हवा, आणि नमुन्याचे फोटो ग्राहकांच्या ग्रुपवर टाकणेही बाहेर जाण्यातच मोडते. चित्र कुणी काढले आणि ते नोकरीत काढले की जॉबवर्कने, हेही तिथेच लिहावे.

यातून डिझाइनर आणि कारखानदार यांच्यातला जुना पेच समोर येतो. डिझाइनर मूळ फाइल देत नाही, कारण ती दिली की पुढचे काम दुसऱ्याकडे जाईल अशी त्याला भीती असते. ती भीती खोटी नाही. डिझाइनचा दर इतका पाडला जातो की रिपीटच्या बदलांवरच त्याचे घर चालते. आमचे म्हणणे असे: मूळ चित्राची फाइल हवी असेल तर तिचा वेगळा दर ठरवा आणि तो मोकळ्या मनाने द्या. पण बीएमपी आणि चिठ्ठी ही प्रत्येक डिझाइनबरोबर आलीच पाहिजे, तिचे पैसे बिलात धरलेले असावेत, आणि ती येईपर्यंत कारखानदाराने बिल चुकते करू नये. चिठ्ठीच्या शेवटच्या ओळी मात्र कारखान्यानेच भरायच्या आहेत. किती वेगावर बॉर्डरला धागा तुटला, ताण कुठे कमी करावा लागला, कोणत्या मागावर बरे चालले, हे जॉबरला कळते, डिझाइनरला नाही. त्याने तोंडी सांगितलेले सुपरवायझरने तारीख घालून खाली जोडावे.

जुन्या साठ्याचे काय, हा प्रश्न उरतो. सगळा एकदम उपसायला बसू नका. गेल्या दोन वर्षांत ज्यांची ऑर्डर आली तीच डिझाइने आधी घ्या. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सवासाठी कारखाने बंद असतात, गड्ड्याच्या यात्रेतही काम मंदावते. असे दिवस या कामाला धरता येतील. ज्या डिझाइनची माहिती कुणाकडेच नाही तिचा धुतलेला नमुना घ्या. पिक ग्लासखाली (धागे मोजायच्या भिंगाखाली) एका इंचातले पिक आणि पाइल धागे मोजा, तीन जागी, आणि सरासरी घ्या. १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा अचूक कापून ग्रॅममध्ये वजन करा. त्याला १०० ने गुणले की जीएसएम, म्हणजे चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन. १० सेंटिमीटर कापडातून पाइलचा एक धागा ओढून सरळ करून मोजा. तो ६० सेंटिमीटर भरला तर रेशो १ : ६. असे दहा धागे, म्हणजे ६ मीटर, सोनाराच्या काट्यावर वजन करा. ०.२२ ग्रॅम भरले तर ०.५९ (नंबर काढायचा ठरलेला गुणक) गुणिले ६ भागिले ०.२२, म्हणजे सूत १६ नंबरचे. धुलाई-रंगाईमुळे यात थोडा फरक पडतो, तेव्हा आकडा जवळच्या चालू नंबराला लावून घ्यावा.

अशा चिठ्ठीत वर ‘नमुन्यावरून मोजले’ असे स्पष्ट लिहा, मोजणाऱ्याचे नाव आणि तारीख घाला. मागावरचे पिक, हुकांची मांडणी, पहिल्या हुकाची बाजू या गोष्टी नमुन्यावरून कळत नाहीत. त्या ओळी अंदाजाने भरू नयेत. समोर ‘माहीत नाही’ लिहावे, आणि पुढच्या वेळी डिझाइन मागावर चढेल तेव्हा जॉबरला विचारून त्या पुऱ्या कराव्यात.

कळावे.

आपले,
सोलापुरात जकार्डच्या फाइली आणि माग रोज हाताळणारे